घरातील रुग्णसेवा : मुंबईतील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आता घरी न्या’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते. पण कूस कोणी बदलायची, नळीतून पेज किती पातळ द्यायची आणि रात्री कोणी जागायचे, हे त्यावर लिहिलेले नसते. वृद्ध किंवा गंभीर आजारी माणसाची सेवा घरी करणाऱ्या कुटुंबांकडून गेली अनेक वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानी आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधांचे प्रमाण आणि उपचार यांबाबत मात्र रुग्णाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांचा शब्दच अंतिम मानावा.

आम्हाला नर्स हवी की मावशी, हे कसे ठरवावे?

‘बाई ठेवली आहे’ असे आपण सहज म्हणतो, परंतु त्यात दोन अगदी वेगळी कामे एकत्र झालेली असतात. अंग पुसणे, डायपर बदलणे, भरवणे, कूस बदलून देणे, चालताना आधार देणे, वेळेवर गोळ्यांची आठवण करणे ही कामे आया किंवा मावशी आणि पुरुष रुग्ण असल्यास वॉर्डबॉय किंवा मामा उत्तम करतात. इंजेक्शन, सलाईन, नाकातील नळी घालणे, लघवीची पिशवी जोडलेली नळी बदलणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही कामे मात्र प्रशिक्षित परिचारिकेची आहेत. एएनएमचा (सहायक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा (सामान्य परिचर्या व प्रसाविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा असतो, आणि व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारल्याने कोणत्याही खऱ्या परिचारिकेचा अपमान होत नाही. ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे तो बहुधा नसतो.

बहुतेक घरांना चोवीस तास नर्सची गरज नसते. दिवसभर मावशी आणि ड्रेसिंगसाठी किंवा नळी बदलण्यासाठी ठरलेल्या दिवशी परिचारिकेची फेरी, एवढ्यावर भागते आणि खर्चही आवाक्यात राहतो. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातील सिस्टरांना एकच प्रश्न विचारावा : ‘चोवीस तासांतील कोणत्या कामांना शिकलेला हात लागतो?’ त्या जे चार-पाच मुद्दे सांगतील, तेच नर्स आणि मावशी यांच्यातील सीमारेषा समजावे. घरातील निदान एकाने शेवटचे दोन दिवस वॉर्डात उभे राहून ही कामे हाताखालून घालवावीत, कारण मावशींची सुट्टी ही कधी ना कधी येणारच असते.

नर्स-मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोकडून माणूस घेताना काय विचारून घ्यावे?

ड्यूटी बारा तासांची की चोवीस तासांची, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, त्या दिवशी बदली माणूस येणार का, आलेल्या माणसाशी जमले नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल आणि आगाऊ भरलेल्या पैशांचे काय होईल, एवढे तरी आधी विचारून कागदावर घ्यावे. आपण देतो त्यातील किती रक्कम मावशींच्या हातात पडते, हेही विचारावे. अनेक ब्यूरो यावर गुळमुळीत उत्तर देतात, पण ही चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला आहे. आधार कार्डाची प्रत ठेवावी आणि पोलिस पडताळणी करून घ्यावी. घरातील दागिने आणि रोकड आधीच आवरून ठेवावी. त्यात अविश्वासाचा भाग नाही. चष्मा हरवला तरी पहिला संशय मावशींवर जातो, आणि तो प्रसंग त्यांच्यावर येऊ नये हाही त्यामागचा हेतू आहे.

चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे चोवीस तास जागरण नव्हे. मावशींना सलग झोपेचे काही तास, स्वतःचे अंथरूण, दोन वेळचे जेवण आणि चहा मिळायलाच हवा. रुग्ण रात्रभर जागा राहत असेल, तर बारा-बारा तासांची दोन माणसे ठेवावीत. तेवढे पैसे नसतील, तर रात्रीची पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी. थकलेल्या मावशींच्या हातून पडलेला रुग्ण फार महागात पडतो.

रोज वही लिहायलाच हवी का?

हवीच. शाळेतील शंभर पानी वही पुरते. वेळ, काय खाल्ले-प्याले, लघवी किती, शौच झाले का, कोणत्या कुशीवर होते, कोणते औषध दिले आणि खाली देणाऱ्याचे नाव, असे रकाने आखावेत. मावशींना लिहिण्याची सवय नसेल, तर त्यांनी खुणा कराव्यात आणि रात्री घरच्यांनी नोंदी पूर्ण कराव्यात. लालबागच्या एका घरात आजींची लघवी तीन दिवस हळूहळू कमी होत होती. सकाळच्या मावशी, संध्याकाळच्या मावशी आणि सून यांपैकी कोणालाच एकेकट्याने ते कळले नाही. भेटीला आलेल्या डॉक्टरांनी वहीचे पान उलटले आणि त्यांच्या लगेच लक्षात आले. लघवीची नळी तुंबलेली होती.

त्या वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचे आजार, ॲलर्जी, चालू औषधे, डॉक्टरांचा क्रमांक आणि निर्णय घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव लिहावे. एकाच व्यक्तीचे, यावर आमचा आग्रह आहे. चार भावंडे चार डॉक्टरांना फोन करू लागली की मावशी गोंधळतात आणि औषध कधी दोनदा दिले जाते, कधी एकदाही नाही.

आमचे घर लहान आहे. फाउलर बेड मावेल का?

हा प्रश्न मुंबईत जितक्या वेळा येतो, तितका अन्यत्र क्वचितच येत असेल. फाउलर बेड, म्हणजे डोक्याची आणि पायांची बाजू वरखाली करता येणारा रुग्णालयातला पलंग, साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो, तर बीडीडी चाळींतील जुनी खोली १६० चौरस फुटांची. बेड सुटा करून जिन्यावरून वर नेता येतो, हे खरे. पण तो लावल्यावर दोन्ही बाजूंनी माणसाला उभे राहता आले पाहिजे, नाहीतर कूस बदलताना मावशींची कंबर जाते. जागा अगदीच नसेल, तर घरातील लोखंडी कॉटच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ती कमरेएवढी उंच करावी आणि डोक्याकडील बाजूला पाठ टेकवण्याची चौकट भाड्याने आणावी. बहुतेक रुग्णांचे त्यावर भागते. बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, एअर मॅट्रेस या वस्तू अनामत रक्कम ठेवून भाड्याने मिळतात, आणि अनेक धर्मादाय संस्था नाममात्र शुल्कात देतात. महिन्याभराच्या गरजेसाठी त्या विकत घेऊ नयेत.

गिरगाव-दादरकडील जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. रुग्णाला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, चार माणसांनी जिन्यावरून उतरवावे लागते. ती चार माणसे कोण, हे आधीच ठरलेले असावे. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल आणि भाड्याचे घर शोधायचे असेल, तर चटईक्षेत्राच्या आधी तळमजला किंवा मोठी लिफ्ट पाहावी.

पावसाळ्याचीही तजवीज लागते. कल्याण, टिटवाळा किंवा विरारहून येणाऱ्या मावशी लोकल बंद पडली की पोहोचू शकत नाहीत आणि रात्रपाळीच्या मावशी घरी जाऊ शकत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा जे घडले ते छोट्या प्रमाणात दरवर्षी घडते. जून ते सप्टेंबर या काळात निदान आठवडाभराची औषधे, डायपर आणि नळीतून द्यायच्या आहाराचे डबे घरात असावेत.

ऑक्सिजनचे मशीन घरी ठेवणे सुरक्षित आहे का?

काळजी घेतल्यास आहे. हे मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, खोलीतील हवेतून नायट्रोजन वेगळा करून ऑक्सिजन देतो. त्याला सिलिंडर भरावा लागत नाही; पण वीज गेली की तो थांबतो, म्हणून सोबत एक भरलेला सिलिंडर आणि तो उघडण्याची चावी जागच्या जागी असावी. एका खोलीच्या घरात शेगडी आणि देवघर ही दोन्ही ठिकाणे बेडपासून फार दूर नसतात. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती आणि विडी-सिगारेट यांना जागा नाही. दिव्याऐवजी फुले वाहिल्याने देव कोपत नाही, असे एका आजींनी स्वतःच आपल्या मुलाला सुनावल्याचे आम्हाला आठवते. नाक कोरडे पडल्यास व्हॅसलिनसारखे तेलकट मलम लावू नये. धाप वाढली म्हणून आपल्या मनाने प्रवाहही वाढवू नये. जुन्या फुप्फुसविकारात जास्त ऑक्सिजनने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे?

दर दोन तासांनी कूस बदलावी. एअर मॅट्रेस घेतली म्हणून हे टळत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी. बोटाने दाबल्यावर लाली फिकी पडली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजावी आणि त्या भागावरचा भार तत्काळ काढावा. अशा लाल जागेवर चोळून मालीश करणे हा प्रेमाने केला जाणारा अपाय आहे. टाचांखाली नव्हे, तर पोटऱ्यांखाली उशी द्यावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. रुग्णाला वर सरकवताना ओढू नये. खाली आडवी चादर घालून दोघांनी ती उचलावी. ओढण्यानेच कातडी सोलवटते. जखमेत हळद, पावडर किंवा स्पिरिट भरू नये.

नाकातील नळीने भरवताना कोणती चूक सर्वांत धोक्याची?

आडवे ठेवून भरवणे. डोके आणि पाठ निदान तीस ते पंचेचाळीस अंश उंच असावी आणि भरवल्यानंतर अर्धा ते एक तास तशीच ठेवावी. आधी नळीवरील खूण नाकाशी जिथल्या तिथे आहे ना, हे पाहावे. सिरिंज वर धरून पेज आपोआप उतरू द्यावी, दट्ट्याने ढकलू नये. शेवटी पाणी देऊन नळी धुवावी. पेज वस्त्रगाळ असावी, कारण एका भाताच्या शिताने नळी तुंबते. भरवताना खोकला आला, ओठ निळसर पडले किंवा धाप लागली, तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. बाहेर आलेली नळी घरच्यांनी परत घालू नये.

वडील परक्या माणसाच्या हातून काही करून घेत नाहीत. काय करावे?

ज्या माणसाने चाळीस वर्षे मिलमध्ये किंवा मंत्रालयात मानाने काम केले, त्याला अनोळखी व्यक्तीने डायपर बांधणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार केला तर त्यांचा राग समजतो. पहिले दोन-तीन दिवस मावशींना किंवा मामांना अंगाला हात लावण्याचे काम देऊ नये. त्यांनी चहा द्यावा, वर्तमानपत्र वाचून दाखवावे. शरीराचे काम घरच्यांनी करताना त्यांनी शेजारी उभे राहावे. शक्य असेल तिथे पुरुष रुग्णासाठी पुरुषच घ्यावा. अंग पुसताना पडदा ओढावा, एका वेळी एकच भाग उघडा करावा आणि काय करणार आहोत ते आधी सांगावे. ‘बाबा, आता डावा हात’ एवढ्या चार शब्दांनी निम्मा विरोध मावळतो. रुग्णासमोर त्याच्या शौचाची चर्चा पाहुण्यांशी करू नये, हे लिहावे लागू नये, पण लागते.

आई संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणते, आणि ती घरातच असते.

डिमेन्शियामध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशात, संध्याकाळी अस्वस्थता वाढणे हे नेहमीचे लक्षण आहे. ‘हेच तर तुझं घर’ असे पटवून देण्याचा प्रयत्न करू नये. त्याने भीती वाढते. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ’ असे म्हणावे, दिवेलागणीच्या आधीच सर्व दिवे लावावेत, दुपारची झोप मर्यादित ठेवावी. तिला अंगवळणी पडलेले काम हातात द्यावे. वाटाणे सोलणे, मेथी निवडणे, रुमालाच्या घड्या घालणे ही कामे आश्चर्यकारक शांतता देतात. दाराला वरच्या बाजूस जादा कडी लावावी, हातात नाव आणि फोन क्रमांकाची पट्टी असावी आणि वॉचमनला तिचा चेहरा माहीत असावा. बदल एक-दोन दिवसांत अचानक झाला असेल, तर मात्र तो डिमेन्शिया वाढल्याचा भाग समजू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवे औषध यांपैकी काही कारण आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे ‘आता काही उरले नाही’ असेच ना?

नाही, आणि या गैरसमजापायी कुटुंबे ही सेवा शेवटच्या आठवड्यात मागतात. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती यांवर उपचार करणारी ही वैद्यकशाखा आहे, आणि ती केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही सोबत देता येते. कर्करोगाखेरीज हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस आणि मेंदूच्या दीर्घ आजारांतही तिचा उपयोग होतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तेथील रुग्णांसाठी घरभेटींची सेवाही आहे. घरी सांभाळणे अशक्य झालेल्या कर्करुग्णांसाठी वांद्र्यात १९८६ पासून शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांची सेवा करणारे केंद्र, चालते. शेवटचे दिवस घरी न निभावणे हा कुटुंबाचा पराभव नाही.

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाची भीती वेगळीच असते. ‘त्याची सवय लागेल’, ‘त्याने लवकर जातील’ ही दोन वाक्ये आम्ही प्रत्येक घरात ऐकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात वाढवत नेलेले तोंडी मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. त्याने माणूस झोपू शकतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. बद्धकोष्ठ मात्र जवळपास सर्वांना होते, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचकही घ्यावे लागते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे ठेवणे सुकर झाले आहे. मात्र २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ती केवळ व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाहीत.

विमा किंवा सरकारी योजनेतून हा खर्च मिळतो का?

मावशींचा पगार आणि डायपर यांचा खर्च सहसा मिळत नाही. काही आरोग्य विम्यांत घरी घेतलेल्या उपचारांची तरतूद असते, पण रुग्णालयातच घ्यावे लागले असते असे उपचार आणि ते घरी का घेतले याचे वैद्यकीय कारण, अशी तिची अट असते. पॉलिसीतील ते कलम दाखल होण्याआधी वाचावे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण तेही रुग्णालयातील उपचारांसाठी.

भावंडे खर्च वाटून घेत नाहीत.

वहीच्या मागच्या पानांवर खर्च लिहायला आजच सुरुवात करावी. आकडे समोर ठेवले की निदान बोलणे तरी सुरू होते. जो भाऊ किंवा बहीण प्रत्यक्ष सेवा करते, तिच्या रात्रींचेही मोल त्यात धरावे. अगदीच नाइलाज झाल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानुसार आई-वडील स्वतः न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीस दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास रद्द करून घेण्याची तरतूदही त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात आहे.

आम्ही परदेशात, आई-वडील मुलुंडला एकटे. दुरून काय करता येईल?

स्थानिक पोलिस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद ठेवली जाते, ती करून घ्यावी. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. बँकेकडे घरपोच सेवेची विचारणा करावी. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा ओळखून देता येतो. मात्र कॅमेरे लावून सेवेची देखरेख होते, असे मानू नये. आठवड्यातून एकदा न सांगता येऊन वही पाहील, असा एक शेजारी किंवा मामेभाऊ दहा कॅमेऱ्यांपेक्षा उपयोगी पडतो.

सही करण्याचे काम वेळेत उरकावे. कुलमुखत्यारपत्र दिले म्हणजे सर्व झाले, अशी समजूत आहे, परंतु देणाऱ्याचे भान हरपल्यावर साधे मुखत्यारपत्र कायद्याने टिकत नाही आणि मग उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. निदान एक खाते ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीचे असावे.

व्हेंटिलेटर नको, असे वडील म्हणतात. ते लिहून ठेवता येते का?

येते. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातील २०११ च्या निकालापासूनची न्यायालयीन चर्चा ९ मार्च २०१८ च्या निकालाने पुढे गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्याने त्यात लिहावीत. प्रत्यक्ष अंमल मात्र रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानंतरच होतो. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी.

हे घरात बोलून ठेवले नसेल, तर रात्री दोन वाजता धाप लागल्यावर कोणीतरी घाबरून १०८ ला फोन करतो आणि रुग्ण थेट अतिदक्षता विभागात पोहोचतो. कोणत्या त्रासासाठी रुग्णालयात न्यायचे आणि कोणत्यासाठी घरीच औषध द्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावे आणि रात्रीच्या मावशींना वाचून दाखवावे.

घरीच मृत्यू झाला तर काय करावे?

घाई करण्यासारखे काही नसते. आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे. घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र ते ‘४ अ’ नमुन्यात देतात. त्याच्याशिवाय स्मशानभूमीत अडचण येते, म्हणून शेवटच्या दिवसांत डॉक्टरांची भेट अलीकडेच झालेली असणे महत्त्वाचे. मृत व्यक्तीचे आणि खबर देणाऱ्याचे आधार कार्ड सोबत न्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात. नेत्रदान करायचे असेल तर सहा तासांच्या आत करावे लागते, तोवर पंखा बंद ठेवून पापण्या मिटाव्यात आणि त्यांवर ओला कापूस ठेवावा.

उरलेले मॉर्फिन कपाटात न ठेवता दिलेल्या केंद्रात परत करावे आणि भाड्याच्या वस्तू तेरा दिवसांची वाट न पाहता परत पाठवाव्यात, कारण त्या बेडसाठी दुसरे घर थांबलेले असते. मावशींचा हिशेब त्याच दिवशी, शक्य असल्यास त्यांच्याच हातात द्यावा. ब्यूरोकडून त्यांना दुसऱ्या सकाळी नव्या घरी पाठवले जाण्याची शक्यता असते. अंत्ययात्रेला थांबायचे आहे का, हे त्यांना विचारावे आणि त्या थांबल्या तर तो दिवस ड्यूटीचा धरावा.